पाच सामने, पाच गडी

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलचे वेड आमच्या घरात भाच्यामुळे आले. बोल्डरच्या कोलोराडो विद्यापीठात तो दोन वर्षे शिकला, नोकरीला लागला आणि तिथला संघ आमच्या गळ्यात घालून मोकळा झाला. तेव्हापासून काळ्या-सोनेरी पोशाखातली ती मुले आमचीच. सामन्याआधी राल्फी नावाची बायसनची जिवंत मादी मैदानात धावत येते, तेवढ्यासाठी घरातली लहान मुलेही जागी राहतात.

हा आपला फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, खेळ मुख्यतः हाताचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, सरकलात तर पुन्हा चार प्रयत्न. चेंडू फेकणारा तो क्वार्टरबॅक. त्याच्यासमोर पाच धिप्पाड गडी भिंतीसारखे उभे असतात, प्रतिपक्षाला त्याच्यापर्यंत पोहोचू न देण्यासाठी. वाचकांनी हे पाच गडी लक्षात ठेवावेत, कारण आमचे सारे म्हणणे त्यांच्यावरच येऊन थांबणार आहे.

2022 मध्ये हा संघ बारापैकी अकरा सामने हरला. त्याच डिसेंबरात डिऑन सँडर्स प्रशिक्षक म्हणून आले. आपल्या काळातले नामांकित खेळाडू, बोलायला फटकळ, गळ्यात सोन्याच्या साखळ्या. येताना दोन मुलगे बरोबर आणले: शेड्यूर हा क्वार्टरबॅक, तर शायलो बचावात. पहिल्याच सभेत त्यांनी जुन्या खेळाडूंना तोंडावर सांगितले की माझी माणसे मी बरोबर घेऊन येतोय, तुम्ही दुसरीकडे जागा शोधा. आता नियम सैल झाले आहेत. एक कॉलेज सोडून दुसऱ्याकडून खेळायला पूर्वीसारखे वर्षभर थांबावे लागत नाही. वसंतात पन्नासहून अधिक मुले गेली, ऐंशीहून अधिक नवी आली. शिष्यवृत्तीवरचे जुने खेळाडू जेमतेम दहा उरले.

शिक्षकी पेशातल्या माणसाला हे पचत नाही. नवे मुख्याध्यापक आले आणि पहिल्याच दिवशी म्हणाले की निकाल खराब आहे, अर्धा वर्ग दाखला घेऊन जा, तर आपण त्याला सुधारणा म्हणू का? भाचा म्हणतो, ही शाळा नाही, इथे निकालच बघतात. ठीक आहे, मग निकालच बघू.

2 सप्टेंबर 2023 ला पहिला सामना टीसीयूशी, त्यांच्याच मैदानावर. आधीच्या हंगामात अंतिम सामना खेळलेला संघ. आम्ही 45-42 ने जिंकलो. शेड्यूरने 510 यार्ड चेंडू फेकला, विद्यापीठाचा विक्रम! ट्रॅव्हिस हंटर हा मुलगा आक्रमणातही खेळला आणि बचावातही. या खेळात असे सहसा कोणी करत नाही, कारण दोन्हीकडे गडी वेगवेगळे असतात. दुसऱ्या शनिवारी नेब्रास्काला 36-14 ने हरवले. तिसरा सामना शेजारच्या कोलोराडो स्टेटशी. आपल्याकडे रविवार सकाळ होती. नाश्त्याला सुरू झालेला खेळ संपला तेव्हा जोहरची वेळ जवळ आली होती. अखेरच्या दोन-सव्वादोन मिनिटांत शेड्यूरने संघाला 98 यार्ड नेऊन बरोबरी साधली आणि जादा वेळेत 43-35 ने सामना काढला. त्या पोराचे काळीज थंड आहे, माशाअल्लाह. वडील कडेला उभे आणि मुलगा आत, तरी चेहऱ्यावर रेषही हलत नाही.

त्याच सामन्यात हंटरला उशिरा, नियमाबाहेर धडक बसली. यकृताला इजा झाली, रुग्णालयात न्यावे लागले, त्यानंतर तो काही सामने बाहेरच राहिला. त्यानंतर धडक देणाऱ्या मुलाला आणि त्याच्या घरच्यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. या धमक्या देणारे आमच्याच संघाचे चाहते म्हणवतात याची लाज वाटली. सँडर्स मात्र पत्रकारांसमोर ठाम बोलले: तोही आयुष्यात काही करू पाहणारा मुलगा आहे, त्याला धमकावू नका. त्यांच्या साखळ्यांवर आणि आपल्या मुलांचा चारचौघांत क्रम लावण्याच्या सवयीवर आम्ही नाक मुरडतो, पण त्या दिवशी तो माणूस उस्तादासारखा वागला हे इन्साफाने सांगितले पाहिजे.

मग ओरेगॉन. मध्यंतराला 35-0, शेवटी 42-6. त्यांच्या प्रशिक्षकांनी सामन्याआधीच टोमणा मारला होता की आम्ही विजयासाठी खेळतो, ते लोकांच्या नजरेसाठी. झोंबले. पण खरे दुखणे टोमण्यात नव्हते, समोरच्या पाच गड्यांत होते. नेब्रास्का आणि ओरेगॉनविरुद्ध शेड्यूरला सात-आठ वेळा चेंडूसकट जमिनीवर पाडले गेले. मुलगा उठतो, झटकतो, पुन्हा उभा राहतो. पण असे किती आठवडे चालणार होते? अंगाने तो काही लोखंडाचा नाही.

वेगवान पळणारे, उंच उडी मारून चेंडू झेलणारे बाहेरून आणता येतात आणि ते आले की लगेच चमकतात. भिंत तशी आणता येत नाही. तिथे शेजारच्याचा पाय कधी सरकणार हे न बोलता कळावे लागते. त्याला एकत्र घालवलेली वर्षे लागतात, दमून भागून एकाच पंगतीत जेवलेले दिवस लागतात. वसंतात घाईने जे मोडले, ते नेमके तिथेच उघडे पडले. भाच्याला हे सांगितले तर तो म्हणाला, गेल्या वर्षी जुनीच भिंत होती, काय दिवे लावले? उत्तर बिनतोड आहे. तरीही आमचे मत बदललेले नाही.

ईद-ए-मिलादनंतरच्या शनिवारी रात्री साडेनऊला यूएससीशी सामना होता. मध्यंतराला 34-14 ने मागे. घरातले बाकी सगळे झोपायला गेले. मग ओमारियन मिलर नावाचा पहिल्या वर्षाचा मुलगा चेंडू झेलू लागला, सात झेलांत 196 यार्ड, आणि फरक घटत घटत 48-41 वर आला. हरलो, पण ओरेगॉनपुढे हरलेला संघ हा नव्हता. सँडर्स म्हणालेच होते, आम्हाला हरवायचे तर आत्ताच हरवून घ्या.

पाचांत तीन विजय. आधीच्या अख्ख्या वर्षात एक होता. हंगामानंतरच्या खास सामन्यांत जागा मिळवायला सहा विजय लागतात, म्हणजे तेव्हा उरलेल्या सातांत तीन हवे होते. त्यानंतरच्या शनिवारी ॲरिझोना स्टेट, मग स्टॅनफर्ड होते. हे दोन घ्यायलाच हवे होते, कारण पुढे यूसीएलए, ओरेगॉन स्टेट आणि यूटा उभे होते आणि तिथे त्या पाच गड्यांचा निभाव लागेल असे तेव्हा तरी वाटत नव्हते. हंटर कधी परततो, यावरही बरेच ठरणार होते. भाच्याने तीन विजय नक्की धरले होते. आम्ही दोन धरले, आणि तिसऱ्यासाठी दुआ.