क्लचचा खर्च : कुठे वाचवावे, कुठे नाही

जुनी गाडी असलेल्या घरात क्लचचा खर्च कधी ना कधी येतोच. एक्सिलेटर दाबला की इंजिनचा आवाज वाढतो, पण गाडी ओढत नाही. चढावर जळका वास येतो. नेमकी त्याच महिन्यात मुलांची फी भरायची असते, ईदला गावी जायचे असते आणि मिस्त्री म्हणतो, "भाईजान, क्लच गेला!" अशा वेळी घाबरून होकार देऊ नये आणि चुकीच्या जागी काटकसरही करू नये, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

आधी स्वस्तातली तपासणी करून घ्यावी. केबलचा क्लच असेल, तर पेडलला सुरुवातीला थोडी ढील हवी. केबल फार ताणलेली असली तरी क्लच सटकतो, आणि फार सैल असली तर गिअर अडतात. कधी कधी केबल नीट बसवल्यानेच काम भागते. केबल ठीक असूनही गाडी ओढत नसेल, तर मात्र प्लेट घासली आहे असे समजावे.

आता हिशेब पाहू. क्लच बदलायचा तर बहुतेक गाड्यांत गिअर बॉक्स खाली उतरवावा लागतो. मजुरीचा मोठा भाग त्यातच जातो. म्हणून केवळ प्लेट बदलून पैसे वाचवणे महागात पडते. जुनी प्रेशर प्लेट किंवा रिलीज बेअरिंग चार-सहा महिन्यांत गेले, तर तीच मजुरी पुन्हा द्यावी लागते. हे तिन्ही भाग एकत्रच बदलावेत. जुन्या प्लेटला नवे लायनिंग मारून मिळते, पण तिच्यातल्या स्प्रिंगा जुन्याच राहतात. गिअर बॉक्स उतरलेला असतानाच इंजिनच्या मागच्या ऑइल सीलमधून गळती आहे का तेही पाहून घ्यावे. गळणारे ऑइल लागले, तर नवी प्लेटही वाया जाते.

मग पैसे वाचवायचे कुठे? फ्लायव्हीलला चिरा नसतील आणि ते जळून निळे पडलेले नसेल, तर ते बदलण्याची घाई नको. दोन-तीन गॅरेजमध्ये मजुरी विचारावी. सुटे भाग नामांकित कंपनीचे, पक्क्या बिलाने स्वतः आणावेत, मात्र मिस्त्रीशी आधी बोलून. २२ सप्टेंबर २०२५ पासून क्लचच्या भागांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे, तो बिलात पाहावा. काढलेले जुने भाग मागून घ्यावेत, म्हणजे काय बदलले ते डोळ्यांनी दिसते.

पुढची बचत पायात आहे. गाडी चालताना पाय क्लचवर ठेवू नये. सिग्नलला गाडी न्यूट्रल करावी. चढावर हाफ क्लचवर गाडी न धरता हँडब्रेक लावावा. घरात जो जो गाडी चालवतो, त्या प्रत्येकाला हे सांगून ठेवावे, कारण क्लच एकाच्या सवयीने झिजतो आणि खर्च साऱ्या घरावर पडतो.