कॅमेरा घरात, पण खाते कोणाचे?

मुले दुबई-कुवेतला असली की अम्मी-अब्बांची खुशाली कळावी म्हणून घरात वाय-फाय कॅमेरा बसवतात. सोय चांगली आहे. पण तो बसवायला येतो दुकानदार किंवा शेजारचा मुलगा, आणि जोडणी करतो स्वतःच्या मोबाइलवर. मग घर आपले, पण कॅमेरा त्याच्या ताब्यात. दुसऱ्याच्या घरात सलाम करून, परवानगी घेऊनच पाऊल टाकावे, असे आपण मुलांना शिकवतो. इथे मात्र कोणी न विचारता आत पाहू शकतो.

म्हणून आमचा सल्ला असा: ॲपमधले खाते घरातल्याच माणसाच्या नंबरवर उघडा. परदेशातल्या मुलांना ‘शेअर’ने जोडा आणि ती यादी अधूनमधून पाहत जा. आधी दुसऱ्याच्या मोबाइलवर जोडणी झाली असेल, तर त्याच्या ॲपमधून कॅमेरा काढायला लावा. बऱ्याच कॅमेऱ्यांत नुसते रीसेटचे बटण दाबून जुने खाते सुटत नाही. मग नव्याने जोडा, पासवर्ड नवा ठेवा, ओटीपी कोणाला सांगू नका.

जोडणी होतच नसेल, तर लगेच कॅमेरा परत करू नका. बहुतेक स्वस्त कॅमेरे, बल्ब आणि प्लग २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवरच चालतात. राउटरची दोन नावे दिसत असतील, तर ‘५जी’ लिहिलेले सोडून दुसऱ्या नावाला मोबाइल जोडा आणि पुन्हा करून पाहा.

कॅमेऱ्याचे तोंड दाराकडे ठेवा, झोपायच्या खोलीत तो नकोच. कुठे लावायचा, हे घरातल्या बायकांना आधी विचारा.