करमणूक हाही हक्क आहे: जव्हार-मोखाड्याच्या मुलांची सहल

थंडी पडू लागली की जव्हार-मोखाड्यात शाळाशाळांतून सहलीची चर्चा सुरू होते. यंदा पाड्यांवरच्या आमच्या अभ्यासवर्गातील मुलांनी स्वतःच यादी करून दिली. पारोळचे ग्रेट एस्केप, भिवंडीजवळचे शांग्रिला, खोपोलीचे इमॅजिका. एका मुलीने एस्सेल वर्ल्डही लिहिले होते. १९८९ साली गोराईला सुरू झालेले ते पार्क २०२२ मध्ये बंद झाले, हे तिला सांगावे लागले. तिच्या आईने लहानपणी त्याचे नाव ऐकले होते. आईच्या पिढीची इच्छा मुलीपर्यंत आली आणि तोवर पार्कच बंद पडले.

ही यादी कार्यकर्त्यांच्या बैठकीत ठेवली तेव्हा दोन आक्षेप आले. पहिला असा की जिथे कुपोषण आहे, तिथे पाळण्यांची चैन कशाला? दुसरा असा की न्यायचेच असेल तर मुलांना चैत्यभूमीला न्या, महाडला न्या, भांडवलदारांच्या बाजारात कशाला नेता? दोन्ही आक्षेप आपल्याच माणसांचे आहेत आणि तळमळीचे आहेत. म्हणूनच त्यांना नीट उत्तर दिले पाहिजे.

पहिला आक्षेप घेऊ. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीत कुपोषणाने मुले दगावली आणि हा भाग महाराष्ट्राच्या नकाशावर आला. तेव्हापासून आमच्या मुलांचे सतत मोजमाप चालू आहे. वजन, उंची, दंडाचा घेर. हे मोजमाप गरजेचे आहे, ते व्हायलाच हवे. पण या सगळ्या काळात मुलाला काय हवे आहे, हे विचारणारा रकाना कोणत्याही तक्त्यात आला नाही. आधी पोट, मग शिक्षण, मग जमले तर आनंद, हा क्रम कोणी ठरवला? मुंबई-ठाण्याच्या सुखवस्तू घरातील मूल सकाळी दूध पिते, दुपारी शाळेत जाते आणि रविवारी पाळण्यात बसते. त्याला कोणी रांगेत उभे करत नाही. रांग फक्त आपल्या मुलांसाठी असते.

बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरील ग्रंथात गांधीवादाची चिकित्सा करताना नेमका हाच मुद्दा मांडला आहे. यंत्रे नकोत, आधुनिक संस्कृती नको, साधे राहा, या उपदेशावर त्यांचे उत्तर स्पष्ट होते. माणूस आणि पशू यांत फरक पडतो तो संस्कृतीने, आणि संस्कृतीला फुरसत लागते. ज्याचा सारा दिवस पोट भरण्यात जातो त्याला फुरसत मिळवून देण्याचे साधन म्हणजे यंत्र. म्हणजे बाबासाहेबांच्या विचारात फुरसत ही चैनीच्या यादीत नाही, ती माणूसपणाच्या अटींत आहे. मग कष्टकऱ्यांच्या पोरांनी यंत्रावर चालणाऱ्या पाळण्यात बसून ओरडावे, यात आंबेडकरवादाला न शोभणारे काय आहे? न शोभणारे आहे ते गरिबांना साधेपणा शिकवणे.

आता कायद्याकडे येऊ. संविधानाच्या कलम १५ चा दुसरा खंड आपण विहिरी आणि तलावांसाठी सांगतो. त्याच खंडात दुकाने, हॉटेले आणि सार्वजनिक करमणुकीची ठिकाणेही आहेत. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून तिथे कोणाला अडवता येत नाही. संविधानकर्त्यांना करमणूक क्षुल्लक वाटली असती तर ती पाणवठ्यांच्या शेजारी बसली नसती. १९५५ च्या नागरी हक्क संरक्षण कायद्यातही ती आहे. अमेरिकेतही हेच दिसते. १९६३ साली बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात मार्टिन ल्यूथर किंग यांनी आपल्या सहा वर्षांच्या मुलीचा उल्लेख केला आहे. टीव्हीवर जाहिरात झालेल्या करमणूक पार्कमध्ये काळ्या मुलांना प्रवेश नाही, हे तिला कसे सांगायचे, हा त्यांचा प्रश्न होता. मतदान, नोकरी, शिक्षण हे सगळे प्रश्न समोर असताना त्यांना तो प्रश्न किरकोळ वाटला नाही. पुढच्याच वर्षी नागरी हक्क कायदा झाला.

आपल्याकडे पार्कच्या दारावर जात विचारत नाहीत, हे खरे आहे. तिथे पैसे विचारतात. आणि पैसे कोणाकडे नाहीत, याचा इतिहास जातीचा आणि जंगलावरचा हक्क हिरावल्याचा आहे. जव्हार आणि मोखाड्यात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक आदिवासी आहेत: वारली, कोकणा, ठाकर, महादेव कोळी, कातकरी. रोजगार हमीची मजुरी २०२४-२५ मध्ये दिवसाला २९७ रुपये होती. मोठ्या पार्कचे तिकीट माणशी हजार जरी धरले, तरी चौघांच्या कुटुंबाला एका माणसाची तेरा-चौदा दिवसांची मजुरी लागते, तीही काम मिळाले आणि पगार वेळेवर जमा झाला तर. पुढे पाण्यात उतरायला ठरावीक कापडाचे कपडे, ते नसतील तर भाड्याने. बाहेरचे खाणे बहुतेक ठिकाणी चालत नाही, म्हणजे घरून बांधून आणलेली भाकर दाराबाहेर. नियम सर्वांना सारखा आहे, पण त्याचा भार सारखा नाही. समान नियमातून विषमता कशी टिकते, हे समाजशास्त्राच्या पुस्तकात शोधायला नको, तिकीटखिडकीचा फलक वाचावा.

आणि पाणी? मोखाड्याच्या कोचाळे गावाजवळ मुंबई महापालिकेचे मध्य वैतरणा धरण आहे. १०२ मीटर उंच. तिथून रोज सुमारे ४५ कोटी ५० लाख लिटर पाणी मुंबईला जाते. त्याच मोखाड्यात उन्हाळ्यात पाड्यावर टँकरची वाट पाहावी लागते आणि विहिरीत टँकर रिकामा झाला की बायका-पोरी हंडे घेऊन धावतात. वॉटर पार्कमध्ये तेच पाणी आहे असे मी म्हणत नाही. माझे म्हणणे एवढेच की ज्या मुलीला पाणी म्हणजे डोक्यावरचे ओझे एवढेच माहीत आहे, तिला पाण्यात निव्वळ खेळण्याचा एक दिवस मिळणे ही साधी गोष्ट नाही. त्या दिवसानंतर ती टँकरच्या रांगेत उभी राहील तेव्हा तिच्या डोक्यात जो प्रश्न येईल, तो आपल्या दहा भाषणांनी येणार नाही.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर रस्त्यातच आहे. इमॅजिका खोपोली-पाली रस्त्यावर आहे. तोच रस्ता पुढे पालीवरून वाकणला गोवा महामार्गाला मिळतो आणि माणगाववरून महाडला जातो. म्हणजे पार्क की चवदार तळे, हा वाद नकाशा न बघता चालला आहे. चवदार तळे तरी काय होते? १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे कागदावर सर्वांना खुले झाले होते, महाडच्या नगरपालिकेनेही त्याला मान्यता दिली होती. तरी २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांना तिथे जाऊन पाणी प्यावे लागले. कागदावर उघडलेले दार प्रत्यक्षात ओलांडावे लागते, हा महाडचा धडा आहे. तो पार्कच्या दारातून आलेल्या मुलाला लवकर कळेल. मात्र एक पथ्य पाळू. ही मुले बहुतांशी आदिवासी आहेत. त्यांना स्वतःचा इतिहास आहे. १९४५ मध्ये याच पट्ट्यात वारल्यांनी वेठबिगारीविरुद्ध उठाव केला. महाड त्यांना पाळण्याच्या बदल्यात घ्यायचे औषध म्हणून देऊ नये. तळ्याकाठी महाडबरोबर तलासरी-डहाणूचीही गोष्ट सांगावी.

आता नियोजन. जव्हारहून वाडा, अंबाडी, वज्रेश्वरीमार्गे पारोळ. तिथून भिवंडी, मग खोपोली, मग महाड. तीन दिवस. शांग्रिला मुलांनीच चर्चा करून कमी केले. पाण्याचे एक पार्क पुरे, असे त्यांचे मत पडले. एसटीत शैक्षणिक सहलीला निम्मे भाडे लागते, त्यामुळे गाडी एसटीचीच. यापलीकडे आमच्या तीन अटी आहेत.

एक, देणगी चालेल, देणगीदाराचा फलक चालणार नाही. मुलांच्या अंगावर कोणाचे नाव छापलेले टी-शर्ट नकोत आणि आनंदी चेहऱ्यांचे फोटो अहवालाला जोडायचे नाहीत. पर्यटक इथे दाभोसा पाहायला येतात, आदिवासींनाही पाहून जातात. या तीन दिवसांत तरी पाहणारे आपली मुले असावीत.

दोन, खर्चाचा विषय ग्रामसभेत आणि जव्हारच्या आदिवासी प्रकल्प कार्यालयात ठेवायचा. दयेवर झालेली सहल एकदाच होते. हक्काने मागितलेली दरवर्षी मागता येते.

तीन, आणि ही सर्वांत महत्त्वाची. सहलीची यादी शाळेच्या हजेरीवरून करायची नाही. दिवाळीनंतर कातकरी आणि इतर कुटुंबे उचल फेडायला वीटभट्ट्यांवर जातात. डिसेंबरच्या हजेरीपटावर त्यांची मुले नसतात, म्हणून सहलीच्या यादीतही नसतात. सर्वांत वंचित मूल असे आपोआप गळते आणि कोणी गाळले असे दिसतही नाही. वाडा-भिवंडी पट्ट्यात भट्ट्या रस्त्याला लागूनच आहेत. गाडी तिथे थांबेल, आई-बापांना विचारून मुलांना घेईल आणि परतताना सोडेल. मालकाची परवानगी लागते असे कोणी म्हणाले, तर तिथे सहलीचा विषय संपतो आणि १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याचा सुरू होतो. त्यासाठी त्या कायद्याची मराठी प्रत आणि तहसीलदारांचा नंबर सोबत ठेवू.

ज्यांना अजूनही ही चैन वाटते त्यांनी आपल्या मुलांना शेवटचे कुठे फिरवून आणले, ते आठवावे. त्या दिवशी त्यांनी कोणाला हिशेब दिला नव्हता. आमच्या मुलांकडेही तो मागू नये. गाडीत अजून नऊ जागांचे भाडे जमायचे आहे.

जयभीम. जय आदिवासी.