गाणं कुणाचं, नाव कुणाचं?

आमच्या गटाच्या गाण्यांच्या पुस्तिकेची नवी आवृत्ती काढायचं ठरलं, तेव्हा बैठकीत मी विचारलं, या वेळी गाण्यांखाली नावं घालायची का? पहिल्या आवृत्तीत प्रत्येक गाण्याखाली 'सामूहिक' एवढंच छापलं होतं. थोडी चुळबुळ झाली. आमच्यातली एक जुनी कार्यकर्ती म्हणाली, "अगं, आपण नावासाठी गाणी केली का?" तेवढ्यात चहा आला आणि विषय तिथेच राहिला. माझ्या मनातून मात्र तो जाईना. कारण त्याच सुमारास रॉक संगीताची आणि रॉकवर उभ्या राहिलेल्या नाटकांची हकिगत माझ्या वाचनात आली होती. मैत्रिणींनो, विषय दूरचा वाटेल, पण जरा धीर धरा.

सुरुवात भाचीने केली. तिने कॉम्प्युटरवर एक जुनी फिल्म दाखवली. मे १९६४, इंग्लंडमधलं मँचेस्टर, वापरात नसलेलं एक रेल्वे स्टेशन. एका फलाटावर तरुण गोरे प्रेक्षक बसलेत, समोरच्या फलाटावर कार्यक्रम चाललाय. घोडागाडीतून एक काळी बाई उतरते. वय एकोणपन्नास, अंगात कोट. पावसाची हवा. ती गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार अडकवते आणि पावसावरचंच एक भक्तिगीत सुरू करते. मधे गाणं थांबवून गिटारचा एक तुकडा असा वाजवते, की भाची ताठ बसली. "मावशी, हे तर रॉक आहे! मग हिचं नाव कसं नाही ऐकलं आपण?"

तिचं नाव सिस्टर रोझेटा थार्प. जन्म १९१५चा, अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातला, कापूस पिकवणाऱ्या मुलखातला. आई मँडोलिन वाजवून धर्मप्रचार करणारी. मुलगी सहाएक वर्षांची असताना नवऱ्याला मागे ठेवून, तिला बरोबर घेऊन आई शिकागोला आली. १९३८ साली रोझेटाच्या पहिल्या रेकॉर्डी निघाल्या आणि त्याच वर्षी ती न्यू यॉर्कच्या नाइटक्लबातही गायली. देवाची गाणी दारूच्या टेबलांपुढे! चर्चमधल्या अनेकांना ते कधीच रुचलं नाही. १९४४मध्ये तिने गायलेलं 'स्ट्रेंज थिंग्ज हॅपनिंग एव्हरी डे' पुढच्या वर्षी काळ्या लोकांच्या रेकॉर्डींच्या यादीत (यादीसुद्धा वेगळी असे) दुसऱ्या क्रमांकावर गेलं. पुष्कळ अभ्यासक त्याला रॉकच्या अगदी पहिल्या रेकॉर्डींमध्ये धरतात. एल्व्हिस प्रेस्ली तेव्हा दहा वर्षांचा होता. १९४७ साली जॉर्जियातल्या मेकन गावी तिने एका चौदा वर्षांच्या पोराला गाताना ऐकलं, आपल्या कार्यक्रमात उभं केलं, वर पैसेही दिले. तो पुढे लिटल रिचर्ड झाला. १९५१मध्ये या बाईने वॉशिंग्टनच्या बेसबॉलच्या मैदानावर तिकीट लावून लग्न केलं, आणि लग्न लागल्यावर तिथेच कार्यक्रम केला. लग्नाचा इतका व्यवहारी उपयोग करून घेतलेली दुसरी बाई माझ्या तरी ऐकिवात नाही.

रोझेटा १९७३ साली फिलाडेल्फियात वारली. तिच्या थडग्यावर नावाचा दगड बसायला २००९ साल उजाडलं. रॉकच्या मानकऱ्यांचं 'हॉल ऑफ फेम' नावाचं दालन आहे, त्याची पहिली तुकडी १९८६ची. तिच्यात एकही बाई नव्हती. रोझेटाला तिथे जागा मिळाली २०१८ साली.

दुसरी बिग मामा थॉर्नटन. १९५२मध्ये दोन एकोणीस वर्षांच्या गोऱ्या मुलांनी, लायबर आणि स्टोलर यांनी, तिचं गाणं ऐकून तिच्यासाठी 'हाउंड डॉग' लिहिलं. बाईच्या जिवावर बसून खाणाऱ्या पुरुषाला बाई दारातून हाकलते आहे, असं ते गाणं. तिने ते गुरगुरत, दटावत गायलं आणि १९५३ साली ते काळ्यांच्या यादीत सात आठवडे पहिलं राहिलं. तिच्या सांगण्यानुसार तिला त्याचे एकंदर पाचशे डॉलर मिळाले. १९५६मध्ये एल्व्हिसने बदललेल्या शब्दांत तेच गाणं जगभर गाजवलं. त्यात ऐतखाऊ पुरुष नाहीसा झाला, उरला नुसता कुत्रा. ज्या गाण्यात बाईचा राग होता तो काढून टाकल्यावरच ते घराघरांत वाजायला योग्य ठरलं, हे मला फार बोलकं वाटतं.

'हाउंड डॉग' कागदोपत्री तिचं नव्हतंच, असं कुणी म्हणेल. मग 'बॉल अँड चेन' घ्या. ते तिने स्वतः रचलेलं. ज्या कंपनीने ते मुद्रित केलं तिने रेकॉर्ड बाजारात आणलीच नाही, हक्क मात्र स्वतःकडे ठेवले. १९६८मध्ये जॅनिस जॉप्लिनच्या आवाजात ते अमाप खपलं. जॅनिस तिचं नाव आदराने घेई. पण हक्काचे पैसे आदराच्या वाटेने येत नसतात.

आता नाटकांकडे येते. रॉकचा हा इतिहास रंगमंचावर कसा आला? लायबर-स्टोलर यांच्या गाण्यांचा 'स्मोकी जोज कॅफे' हा कार्यक्रम १९९५ ते २००० या काळात ब्रॉडवेवर दोन हजारांवर प्रयोग चालला. त्यात 'हाउंड डॉग' होतं, एका बाईच्याच तोंडी होतं, पण थॉर्नटनची गोष्ट नव्हती. २००९च्या 'मेम्फिस'मध्ये काळी गायिका आहे, गुणी आहे, पण तिला हुडकणारा आणि नाटक चालवणारा नायक गोरा रेडिओ निवेदक आहे. २०१०मध्ये ब्रॉडवेवर आलेलं 'मिलियन डॉलर क्वार्टेट' एल्व्हिस, जॉनी कॅश, कार्ल पर्किन्स आणि जेरी ली लुइस हे चौघं १९५६च्या डिसेंबरात एका स्टुडिओत जमले, त्या दिवसाचं. त्या दिवशीच्या प्रसिद्ध फोटोत पियानोवर बसलेली एक मुलगीही आहे, एल्व्हिसबरोबर आलेली नर्तकी. फोटो छापताना कित्येकदा तिला कापून टाकत. नाटकात ती आहे, पण दुसऱ्याच नावाने.

ही झाली रॉकबद्दलची नाटकं. रॉकच्या चालीवर उभं राहिलेलं पहिलं नाटक कोणतं, म्हणून विचारा. उत्तर ठरलेलं आहे, 'हेअर', १९६७. रॅग्नी, रॅडो, मॅकडर्मट, तीन पुरुष. युद्धाला नकार, केस वाढवणं, मोकळं प्रेम. ब्रॉडवेवर सतराशे पन्नास प्रयोग. आता त्यातली शीला पाहा. ती युद्धविरोधी मोर्च्यांची पुढारी आहे, विद्यापीठात शिकणारी. ती प्रेमाने आणलेला शर्ट तिचा मित्र बर्गर टराटरा फाडतो. तोच बर्गर तिला सांगतो, आपला दोस्त क्लॉड लढाईवर जाणार, तेव्हा एक रात्र त्याच्याबरोबर झोप. क्रांतिकारकांच्या संगतीत बायकांनी काय काय सोसलं, हे आपल्या वाचकांना नव्याने सांगायला नको.

पण 'हेअर'च्या आधीच्या वर्षी, मे १९६६मध्ये, न्यू यॉर्कच्या ला मामा या छोट्या नाट्यगृहात 'व्हिएत रॉक' झालं होतं. लिहिलं मेगन टेरीने, बसवलं तिनेच, संगीत मरियान द प्युरीचं. नटनट्यांची एक कार्यशाळा, तिच्यात प्रत्येकाने आणलेली वर्तमानपत्रांतली कात्रणं, सैनिकांच्या हकिगती, त्यांतून उभं राहिलेलं युद्धाविरुद्धचं, रॉक गाण्यांचं नाटक. 'मुलगी झाली हो' पाहिलेल्या, केलेल्या आपल्या मैत्रिणींना अशी जात परकी वाटणार नाही. या 'व्हिएत रॉक'मध्ये काम करणाऱ्या नटांत एक होता जेरोम रॅग्नी, 'हेअर'च्या लेखकांपैकी एक! 'हेअर' ब्रॉडवेवर बसवणारा टॉम ओहॉर्गन, तोही ला मामातच तयार झालेला. आणि ला मामा उभं कुणी केलं? एलन स्टुअर्ट या काळ्या बाईने, १९६१ साली, एका तळघरात. ती व्यवसायाने कपड्यांची डिझायनर. काळ्या बाईच्या तळघरात गोरे पुरुष येतात-जातात, म्हणजे धंदाच चालत असणार, अशी शेजाऱ्यांनी तक्रार केली होती.

रॅग्नी-रॅडोंनी चोरी केली असं मी म्हणत नाही. 'हेअर' त्यांचंच. नाटक नाटकातून शिकतंच. माझी तक्रार पुढच्यांबद्दल आहे, इतिहास लिहिणाऱ्यांबद्दल. त्यांनी 'पहिलं' हा शब्द हजारभर प्रयोग झालेल्या नाटकासाठी राखून ठेवला. तळघरातल्याला 'प्रायोगिक' म्हटलं की झालं.

बायकांनी स्वतःची गोष्ट रॉकमध्ये सांगितली नाही असंही नाही. ग्रेचेन क्रायर आणि नॅन्सी फोर्ड या दोघींचं 'आय अॅम गेटिंग माय अॅक्ट टुगेदर अँड टेकिंग इट ऑन द रोड' १९७८मध्ये आलं. एकोणचाळिशीतली गायिका ठरवते, की आता खोट्या गोड गाण्यांऐवजी मनातलं गायचं. तिच्या मॅनेजरला ते अजिबात पटत नाही. एवढंच नाटक. मुख्य भूमिका क्रायरने स्वतः केली. समीक्षकांनी फारसं कौतुक केलं नाही, पण प्रेक्षक येत राहिले आणि ते १९८१पर्यंत चाललं. रॉक नाटकांच्या गप्पांत मात्र हे नाव क्वचितच निघतं.

आपल्याकडे रॉक नाटकात आलं ते बरंचसं मुंबईच्या इंग्रजी रंगभूमीवरून. १९७४मध्ये अलेक पदमसींनी 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' केलं, त्यात ज्युडास झाले होते नंदू भेंडे. (या नाटकात महत्त्वाची बाई एकच, मेरी मॅग्डलीन, आणि तिचं काम प्रेम करायचं.) तेच भेंडे १९७८च्या 'तीन पैशाचा तमाशा'त आले. पु. ल. देशपांडे, जब्बार पटेल, भास्कर चंदावरकर, आनंद मोडक अशी सगळी नावं आपल्याला पाठ आहेत आणि मूळ नाटक ब्रेख्तचं, हेही. ब्रेख्तच्या हाती मूळ इंग्रजी नाटकाचा जर्मन अनुवाद ठेवणारी एलिझाबेथ हाउप्टमान किती जणींना माहीत आहे? १९२८च्या त्या नाटकात तिचं लिखाण नेमकं किती, यावर अभ्यासक अजून भांडतात. बरंच होतं, एवढं आता बहुतेक मानतात. तीही म्हणे नावाबद्दल फारशी बोलत नसे.

हे सगळं मी त्या जुन्या कार्यकर्तीला सांगितलं. ती म्हणाली, "तिकडे पैशांचा बाजार आहे, आपलं तसं नाही." तिचं म्हणणं मी हसण्यावारी नेणार नाही. जात्यावरच्या ओवीला कुठे नाव असतं? पण जात्यावरच्या बाईने 'सामूहिक' असं लिहून दिलं नव्हतं, तिला विचारायलाच कुणी गेलं नव्हतं. आणि बाजार आपल्याकडेही आहेच. आमच्या पुस्तिकेतलं महागाईवरचं गाणं काही वर्षांपूर्वी दुसऱ्यांच्या एका कॅसेटवर निघालं, एका शाहिराचं म्हणून. आम्ही चिडलो, पत्र लिहायला बसलो आणि लक्षात आलं, की गाणं कुणाचं आहे हे दाखवायला आमच्याकडेही काही नाही. आमच्याच पुस्तिकेने ते कुणाचंच नव्हतं म्हणून छापलंय.

खरं म्हणजे ते कुणाचं आहे हे मला माहीत होतं. एका शिबिरात, रात्री जेवणं झाल्यावर, भांडी घासता घासता वस्तीतल्या एका मावशींनी ते रचलं. त्या चार घरी धुणंभांडी करायच्या. मी ते वहीत उतरवून घेतलं आणि छापताना त्यातल्या दोन ओळी जरा 'नीट' केल्या.

पुढची बैठक पुढच्या महिन्यात आहे. गेल्या रविवारी मी मावशींकडे जाऊन आले. आता गुडघ्यांमुळे कामं सुटलीत. नावाचं विचारलं, तर त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "घाला की. आन् ताई, त्या दोन वळी माज्या व्हत्या तशा करा."