डॉक्टर कोण, तोतया कोण?

बालमित्रांनो,

समजा, सुट्टीत तुम्ही लक्षद्वीपला गेलात. डोळ्यांवर काच, तोंडात श्वासाची नळी, अंगात लाइफ जॅकेट. पाण्यात डोकं घातलं की खाली प्रवाळांची रंगीत बाग! तिथे एखाद्या खडकापाशी मोठमोठे मासे ताटकळत थांबलेले दिसतील. दवाखान्याबाहेर माणसं थांबतात ना, तश्शीच!

आतला डॉक्टर जेमतेम बोटाएवढा. निळसर अंग आणि तोंडापासून शेपटीपर्यंत काळा पट्टा. नाव ‘क्लीनर रॅस’. माशांच्या अंगावरचे रक्तपिपासू किडे तो टिपून खातो. ऑस्ट्रेलियातल्या लिझर्ड बेटाजवळ शास्त्रज्ञांनी मोजदाद केली, तर एक रॅस दिवसाला सरासरी १,२०० किडे फस्त करत होता! शिकारी गोबरासुद्धा त्याच्यापुढे मुकाट्याने आ वासतो. हा आत शिरतो, साफसफाई करतो आणि सुखरूप बाहेर येतो.

पण डॉक्टर आला की तोतयाही आलाच! ब्लेनी कुळातला एक मासा हुबेहूब असाच दिसतो. तोच रंग, तोच पट्टा, नाचत पोहण्याची लकबही तीच. भोळा रोगी निश्चिंत उभा राहतो आणि हा त्याच्या पराचा लचका तोडून पसार! लहान, अननुभवी मासे जास्त फसतात. मोठे मासे चावा खाऊन खाऊन शहाणे झालेले असतात.

मग आपण ओळखायचं कसं? रंगावर जाऊ नका, नक्कल रंगाचीच तर केली आहे! तोंड बघा. डॉक्टरचं तोंड अगदी पुढच्या टोकाला असतं. तोतयाचं तोंड नाकाडाच्या खाली असतं, शार्कसारखं. झाली की नाही ओळख?

आता पालकांसाठी दोन शब्द. हा रॅस घरच्या काचेच्या टाकीत ठेवायला विकला जातो. तो घेऊ नका. लिझर्ड बेटाजवळच काही खडकांवरून शास्त्रज्ञांनी साडेआठ वर्षं रॅस दूर ठेवले. तिथली माशांची संख्या घटली. डॉक्टर गेला की सारा गाव आजारी पडतो!

आणि मुलांनो, प्रवाळावर पाय ठेवू नका हं. तो दगड नाही, ती जिवंत वसाहत आहे. तरंगत राहा, हात आवरा आणि डोळे मात्र उघडे ठेवा.

तुमच्या बाई