'दानिश' नावापुरता नको

मुलाचे नाव 'दानिश' ठेवले की आम्हाला दोन्हीकडून ऐकावे लागते. एक म्हणतो, हे अरबी नाही, मग इस्लामी कसे? दुसरा म्हणतो, हे नाव परदेशी.

पहिल्याला आमचे उत्तर असे : 'नमाज', 'रोजा', 'पैगंबर' हे शब्दही फारसीच आहेत. ते चालतात, मग 'दानिश' का नको? अरबीत 'इल्म' म्हणजे ज्ञान, फारसीत 'दानिश' म्हणजे ज्ञान. इब्न सीनाने अकराव्या शतकात फारसीत लिहिलेल्या तत्त्वज्ञानाच्या ग्रंथाचे नावच 'दानिशनामा-ए-अलाई'.

दुसऱ्याला सांगतो : फारसी 'दानिस्तन' म्हणजे जाणणे. त्यातले 'दान' आणि संस्कृत 'ज्ञा' एकाच प्राचीन मुळातून आले. मराठी 'जाण' त्यांच्याच कुळातली. 'नादान' तर मराठी माणूस सर्रास म्हणतो. मग परके कोण?

पण तिसरा प्रश्न आम्हीच आम्हाला विचारला पाहिजे. इराणात विद्यापीठाला 'दानिशगाह' म्हणतात. आम्ही मात्र दानिशला आठवीतून काढून गॅरेजवर धाडतो, त्याच्या बहिणीची शाळा त्याआधीच सुटलेली असते. नावाची खरी विटंबना इथे होते, आणि ती दुसरे कोणी करीत नाही.