जेड मूळचं कुठलं?

दादर स्टेशनबाहेर एका रोपवाल्याकडून मागच्या रविवारी जेडचं रोप घेतलं. "सर, लकी झाड आहे, घरात पैसा येतो," तो म्हणाला. शिक्षकाच्या घरात पैसा यायची वाट एकच, पगाराची. तरी घेतलं. जाड, गुळगुळीत पानं आवडली.

हे झाड मूळचं दक्षिण आफ्रिकेचं. तिथे पाऊस कमी, म्हणून ते पानांत पाणी साठवतं. पानांवरची छिद्रं दिवसा मिटलेली आणि रात्री उघडी, म्हणजे पाणी वाया जात नाही. आपल्याकडे जेड म्हणून बऱ्याचदा लहान पानांचा त्याचा एक दूरचा भाईबंद विकला जातो. तिकडे तो हत्तींचा चारा आहे! लालबाग-परळच्या खिडक्यांत दोघेही सुखाने नांदतात. पावसाळ्यात पाणी तुंबलं तर मात्र मुळं कुजतात.

या झाडाला कुणी विचारत नाही, "मूळचे कुठले?" दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मेक्सिकोकडचा. उपासाचा साबुदाणा ज्या कंदाचा, तो दक्षिण अमेरिकेतला. मिसळीतली मिरचीही तिकडचीच. सगळे आपले झाले.

मला मात्र हा प्रश्न विचारला गेला. परळला भाड्याने खोली बघत होतो. फोनवर घरमालक खूश, "तुमचं मराठी किती छान!" नाव सांगितलं आणि पुढचा प्रश्न आला, "पण मूळचे कुठले?" म्हटलं, रत्नागिरीचा. अब्बा लालबागच्या गिरणीत साचेखात्यात होते, १९८२ च्या संपापर्यंत. संध्याकाळी निरोप आला, खोली आधीच दिलीय.

कुणी म्हणेल, जेडसारखं तुम्हालाही सामावून घेतील. मला हा दाखलाच मान्य नाही. जेडला समुद्र ओलांडून यावं लागलं. अब्बा कोकणातून आले, त्यांच्या खात्यातले बाकीचे कितीतरी कामगार आले तसेच. आम्हाला सामावून घ्यायचा प्रश्न येतोच कुठे?

"मूळचे कुठले?" हा प्रश्न वाईट नाही. नव्या मुलाला मीही विचारतो, गावाच्या गप्पा निघतात. पण उत्तर काहीही आलं तरी दार लावायचंच ठरलं असेल, तर विचारायचं कशाला?

जेडची फांदी तोडून दोन-चार दिवस सुकू दिली आणि मातीत खोचली की ती मूळ धरते. वर्गातल्या मुलांसाठी अशा सहा फांद्या काढून ठेवल्यात. कुंडी ज्याने त्याने घरून आणायची.